पाय त्याचे, क्रमांक देशाचा

मंडळी, शिवाजी पार्कात मी पोरांना फुटबॉल शिकवतो. म्हणजे क्रिकेटवाल्यांच्या पिचांमधून जो कोपरा उरतो, तिथे. दोन दप्तरं ठेवली की झाला गोलपोस्ट. तिथल्या एका पोराने मला विचारलं, "सर, सुनील छेत्री फॉरेनला फेल गेला ना?"

मोबाईलवर आकडे बघून आला होता पठ्ठ्या. आकडे खोटे नाहीत. २०१० साली छेत्री, म्हणजे भारताच्या संघाचा स्ट्रायकर, गोल मारणारा गडी, अमेरिकेत कॅन्सस सिटी क्लबकडे गेला, तिथे लीगचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. २०१२ साली लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबात गेला, तर 'ब' संघाकडून जेमतेम तीन सामने.

पण त्याआधीची गोष्ट मोबाईलवर कुणी शोधत नाही. २००९. लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सने त्याला तीन वर्षांचा करार दिला होता. क्लबला तो हवा होता, त्याला क्लब हवा होता. आडवा आला तो ब्रिटनचा वर्क परमिटचा नियम: खेळाडूचा देश फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेच्या, क्रमवारीत पहिल्या सत्तरात हवा. आपण होतो शंभराच्या बरेच पलीकडे. नकार त्याच्या पायांना नव्हता हो, आपल्या क्रमांकाला होता! पंचवीस वर्षांचा होता तो. स्ट्रायकरच्या आयुष्यात ते वय पुन्हा येत नाही.

त्याच्याआधी, १९९९ साली, भारताचाच स्ट्रायकर भायचुंग भुतिया इंग्लंडला पोचला होता. क्लबचं नाव बरी. पैशाची परिस्थिती मात्र नावाइतकीही बरी नव्हती. २००२ साली क्लब प्रशासकाच्या हाती गेला. दुखापतींतून वाट काढत भुतिया लीगचे ३७ सामने खेळला, तीन गोल केले. यालाही आपल्याकडे "काय मोठंसं" म्हणणारे आहेत. त्यांनी एकदा जानेवारीत उत्तर इंग्लंडच्या चिखलात सराव करून दाखवावा.

लिस्बनला गेला तेव्हा छेत्री अठ्ठावीसचा व्हायला आला होता. 'ब' संघ म्हणजे उद्याची पोरं तयार करण्याची जागा. या वयाच्या माणसाला तिथे बाकावर बसून काय मिळणार? काही महिन्यांतच त्याने हिशेब केला आणि भारतात, गोव्याच्या चर्चिल ब्रदर्स क्लबकडे परतला. त्या मोसमात चर्चिलने आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली अव्वल लीग, जिंकली. याला फेल म्हणायचं असेल तर म्हणा.

पोराला मी हे सगळं नाही सांगितलं. त्याला अंधेरीचं सांगितलं. १ जून २०१८, शहाजीराजे क्रीडा संकुल. चिनी तैपेईविरुद्ध, म्हणजे तैवानविरुद्ध, छेत्रीने हॅटट्रिक मारली, आपण ५-० जिंकलो आणि बघायला माणसं २,५६९. मी शेजारच्या खुर्चीवर पाय पसरून बसलो होतो, कुणी हटकलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने व्हिडिओ टाकला: शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या.

४ जूनला तिथेच केनियाविरुद्ध त्याचा देशासाठी शंभरावा सामना. स्टेडियम गच्च. पाऊस असा की चेंडू डबक्यात अडकून राहत होता. शेवटी, भरपाईच्या वेळेत, त्याने गोलकीपरच्या डोक्यावरून चेंडू अलगद उचलून जाळ्यात टाकला. ३-०. परत जाताना आझादनगर मेट्रोपर्यंत आम्ही भिजतच चालत गेलो. छत्री होती, पण उघडायचं सुचलंच नाही.