दमलेल्या हृदयासोबत थकणारे श्वासाचे स्नायू

हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाचे पंपिंग शरीराच्या गरजेला अपुरे पडण्याचा आजार, असलेल्या माणसाला एक जिना चढताना धाप लागते, खाली वाकून चपलेचा पट्टा लावताना श्वास कोंडतो आणि रात्री उशाला आणखी एक उशी घेतल्याशिवाय पडून राहवत नाही. या तक्रारींचे कारण विचारले, तर कोणी हृदयाच्या कमी झालेल्या पंपिंगकडे बोट दाखवतो, कोणी फुफ्फुसांत साठणाऱ्या पाण्याचा उल्लेख करतो, आणि दोघांचेही म्हणणे खरे असते. मात्र या धापेमागे आणखी एक कारण असते, ज्याची तपासणी फार थोड्या ठिकाणी होते. ते कारण म्हणजे छाती फुलवणाऱ्या स्नायूंचा अशक्तपणा.

या स्नायूंमधला मुख्य स्नायू म्हणजे श्वासपटल (डायफ्रॅम). छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखा पसरलेला हा पातळ स्नायू मानेतून उतरणाऱ्या फ्रेनिक चेतेच्या (नसेच्या) आज्ञेने आकुंचन पावतो, घुमट खाली सरकतो, छातीची पोकळी मोठी होते, आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि हवा आत ओढली जाते. शांत बसलेल्या माणसाच्या श्वासाचे बहुतांश काम हा एकटा स्नायू करतो. मिनिटाला १५ श्वास धरले, तर एका दिवसात त्याला २१,६०० वेळा आकुंचन पावावे लागते. पाय दुखले तर माणूस खाली बसतो. श्वासपटलाला ती मुभा नाही. श्रम वाढले की बरगड्यांमधले आणि मानेचे स्नायू त्याच्या मदतीला येतात. म्हणूनच खूप दम लागलेल्या रुग्णाच्या मानेच्या शिरा-स्नायू प्रत्येक श्वासागणिक ताणलेले दिसतात.

हार्ट फेल्युअरमध्ये या स्नायूवर दोन्ही बाजूंनी ताण येतो. एकीकडे त्याचे काम वाढते, कारण पाणी साठलेली फुफ्फुसे ताठर होतात आणि ती फुलवायला अधिक जोर लागतो. मोठे झालेले हृदयही छातीतली जागा व्यापते. दुसरीकडे त्याला मिळणारे रक्त अपुरे पडते, शरीरात सौम्य दाह सतत चालू राहतो आणि स्नायूंची झीज भरून निघण्यापेक्षा वेगाने होते. श्वासपटलाचे सूक्ष्म नमुने तपासले असता, जलद व जोरकस आकुंचन करणाऱ्या तंतूंचे प्रमाण घटलेले आणि संथ, चिवट तंतूंचे वाढलेले आढळते. सततच्या कामाशी जुळवून घेण्याचा तो शरीराचा प्रयत्न असतो, पण त्याची किंमत ताकदीच्या रूपात मोजावी लागते. निरनिराळ्या पाहण्यांमध्ये हार्ट फेल्युअरच्या रुग्णांपैकी साधारण ३० ते ५० टक्के लोकांत श्वास आत घेणाऱ्या स्नायूंची दुर्बलता आढळली आहे. हृदयाचे इजेक्शन फ्रॅक्शन (प्रत्येक ठोक्याला हृदयाच्या कप्प्यातले किती टक्के रक्त बाहेर फेकले जाते, ते प्रमाण) कमी असलेल्यांप्रमाणेच ते टिकून असलेल्यांमध्येही ती दिसते. इको तपासणीत जवळजवळ सारखेच आकडे असलेल्या दोन रुग्णांपैकी एक सहज चालतो आणि दुसरा चार पावलांत थांबतो, या कोड्याचा एक भाग इथे उलगडतो.

या दुर्बलतेचा परिणाम श्वासापुरता थांबत नाही, आणि या विषयातला सर्वांत विचार करायला लावणारा भाग हाच आहे. कसलेले, निरोगी खेळाडू कमाल श्रम करत असताना श्वासाचे स्नायू हृदयाने पंप केलेल्या रक्तापैकी सुमारे १४ ते १६ टक्के रक्त स्वतःकडे ओढतात, असे प्रयोगांतून दिसले आहे. ज्याचे हृदय पुरेसे रक्त पंप करू शकत नाही, त्याच्या बाबतीत हीच मागणी पायांच्या वाट्यातून भागवली जाते. श्वासपटल थकले की त्यात साचलेल्या चयापचयाच्या टाकाऊ पदार्थांची खबर चेतातंतू मेंदूकडे नेतात, अनुकंपी चेतासंस्था (ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणारी नसांची यंत्रणा) जागी होते, हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त श्वासाच्या स्नायूंकडे वळवले जाते. श्वास थांबू नये म्हणून शरीराने केलेली ही तजवीज आहे. त्यामुळे चालताना पाय लवकर भरून येतात आणि ‘पायांत जीवच राहिला नाही’ असे रुग्ण सांगतो, तेव्हा त्या तक्रारीचे एक मूळ छातीतही असू शकते. रुग्णाचे हे शब्द नुसती कुरकुर म्हणून सोडून देणे योग्य नाही.

ही ताकद मोजायला मोठे यंत्र लागत नाही. रुग्ण ताठ बसतो, नाकाला चिमटा लावला जातो, तो फुफ्फुसांतली हवा शक्य तितकी बाहेर सोडतो आणि मग तोंडातल्या, जवळजवळ बंद असलेल्या नळीतून सगळा जोर लावून श्वास ओढतो. नळीला एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते, कारण ते नसेल तर गालांच्या स्नायूंनी निर्माण केलेला दाबच छातीचा दाब म्हणून नोंदला जाईल. हा जोर किमान एक सेकंद टिकवायचा असतो, आणि आकडे एकमेकांच्या जवळ येईपर्यंत प्रयत्न पुन्हा पुन्हा घेतले जातात. मिळालेला कमाल दाब ‘सेंटिमीटर पाणी’ या एककात लिहितात. निरोगी प्रौढ पुरुषांत तो साधारणपणे १०० च्या आसपास असतो, स्त्रियांत त्याहून कमी असतो आणि वयानुसार घटतो. म्हणून प्रत्येकाचा आकडा त्याच्या वयाला आणि लिंगाला अपेक्षित असलेल्या आकड्याशी ताडून पाहतात. अपेक्षित दाबाच्या ७० टक्क्यांहून कमी नोंद झाली, तर स्नायू दुर्बल मानले जातात. काही मिनिटांत होणारी, सुई न टोचणारी ही चाचणी हार्ट फेल्युअरच्या प्रत्येक पुनर्वसन केंद्रात पहिल्याच भेटीत व्हायला हवी, असे आम्हाला मनापासून वाटते.

एक काळ असा होता की अशा रुग्णांना केवळ विश्रांतीचा सल्ला मिळे. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून तो समज बदलत गेला आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, २,३३१ रुग्णांच्या ‘एचएफ-अ‍ॅक्शन’ या चाचणीने स्थिर अवस्थेतील रुग्णांसाठी नियमित व्यायाम सुरक्षित असल्याचे दाखवले. श्वासाच्या स्नायूंचा स्वतंत्र सराव हा त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा आहे.

या सरावाचे साधन हातात मावणारे असते. त्यात स्प्रिंगने बंद राहणारी एक झडप असते आणि ठरवलेल्या दाबाइतका जोर लावल्याशिवाय ती उघडत नाही, त्यामुळे प्रत्येक श्वास मेहनत करूनच घ्यावा लागतो. २००६ साली ब्राझीलमधील संशोधकांनी श्वासाचे स्नायू दुर्बल असलेल्या ३२ रुग्णांपैकी काहींना भार असलेले आणि काहींना भार नसलेले साधन देऊन १२ आठवडे, रोज अर्धा तास, घरीच सराव करायला लावला. भार होता प्रत्येकाच्या कमाल दाबाच्या ३० टक्के. भार असलेल्या गटात श्वास ओढण्याचा कमाल दाब ११५ टक्क्यांनी वाढला, सहा मिनिटांत चालून झालेले अंतर १९ टक्क्यांनी वाढले आणि श्रमाच्या वेळी ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता १७ टक्क्यांनी सुधारली. ब्राझीलमध्येच झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात चार आठवड्यांच्या सरावानंतर हातापायांचा रक्तपुरवठाही सुधारलेला दिसला. वर सांगितलेल्या रक्ताच्या वाटणीला त्यामुळे प्रत्यक्ष आधार मिळाला.

उत्साहाच्या भरात एक गोष्ट विसरता कामा नये. हे अभ्यास लहान आहेत, सर्वांत स्पष्ट लाभ ज्यांचे स्नायू आधीच दुर्बल आहेत त्यांना होतो, आणि या सरावाने आयुष्य वाढते असे सिद्ध झालेले नाही. औषधांची जागा तो घेत नाही, चालण्याची किंवा सायकलची जागाही घेत नाही. तो त्यांच्या जोडीला करायचा असतो. मात्र जे रुग्ण सुरुवातीला चार पावलेही चालू शकत नाहीत, त्यांना खुर्चीत बसून करता येणारा हा व्यायाम पुनर्वसनाचे दार उघडून देतो, आणि हे मोल लहान नाही.

सराव सुरू करण्याआधी डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांची संमती आवश्यक आहे. नुकतेच कानाचा पडदा फाटणे, फुफ्फुसाभोवती हवा शिरणे किंवा आजार अस्थिर असणे अशा परिस्थितीत तो टाळतात. सराव करताना छातीत दुखले, चक्कर आली किंवा छातीचे ठोके अनियमित जाणवले, तर लगेच थांबावे. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोहून अधिक वाढले, तर सराव बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना कळवावे, कारण ती शरीरात पाणी साठत असल्याची खूण असू शकते.

भार ठरवण्याची रीत सोपी आहे: नोंदलेल्या कमाल दाबाच्या ३० टक्के. एखाद्या रुग्णाचा अपेक्षित दाब ९० असून नोंद ५० झाली, तर ती अपेक्षेच्या सुमारे ५६ टक्के भरते आणि सरावाचा पहिला भार १५ सेंटिमीटर पाणी इतका ठेवला जातो. काही आठवड्यांनी तोच दाब ७० वर पोचला, तर भारही २१ वर न्यावा लागतो; तो १५ वरच ठेवला, तर स्नायूला आव्हान उरत नाही. म्हणून साधन देऊन रुग्णाला घरी पाठवल्यावरही दाब ठरावीक अंतराने पुन्हा मोजला जातो. सराव पूर्णपणे सोडला की कमावलेली ताकद ओसरू लागते, त्यामुळे १२ आठवड्यांनंतर तो कसा आणि किती चालू ठेवायचा, हे कार्यक्रम संपण्याआधीच रुग्णासोबत बसून ठरवावे लागते.