सामाईक विहीर आणि खिडकीतलं लेबल

मंडळी, फलकावर विषय लिहिलाय, ‘सी आणि पायथनमध्ये खिडकीतल्या वस्तूंची वाटणी’. सी आणि पायथन या प्रोग्रॅम लिहायच्या दोन भाषा. फलक लिहिणाऱ्या पोरानं कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या विंडोचं खिडकी केलं, आणि मागच्या बाकावरचे काकाजी सुतारकामाचं व्याख्यान समजून आले. बसा काकाजी, चहा आहे.

आमच्याकडच्या एका जिनिंगात मी वजनकाट्याचा प्रोग्रॅम बसवला होता. काट्यावरून केबलनं आकडा येतो, तो वाचणारं काम जुन्या सी कोडमध्ये. ते बरं चाललं होतं, चालत्या बंडीला खीळ कोण घालणार? पावतीची खिडकी मात्र मी पायथनमध्ये केली. लेबल, म्हणजे खिडकीतली आकडा दाखवणारी पट्टी, पायथननं बनवलं, त्याचा मेमरीतला पत्ता सीला दिला. सी त्यात वजन लिहिणार. झालं काम, असं मला वाटलं.

दिवाळीनंतरचे दिवस, कापसाच्या गाड्या रस्त्यापर्यंत. साडेअकराला काटेवाल्या भाऊनं पावतीची खिडकी बंद करून नवी उघडली आणि अख्खा प्रोग्रॅम गायब! मागे काळ्या पडद्यावर दोनच शब्द, सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे प्रोग्रॅमनं मेमरीत नको तिथं हात घातला. “साहेब, काटा मेला ना जी!” मी म्हटलं, काटा नाही, लेबल मेलं. त्याला पटलं नाही. तेवढ्यात एक कास्तकार बंडीवरूनच ओरडले, “रातीपासून लायनीत हावो, वही काढा ना!” वही निघाली, कार्बन पेपर निघाला. कापूस वाळला की वजन घटतं, हे त्यांनी मला तीनदा ऐकवलं, जणू ऊन मीच पाडलं होतं.

झालं काय होतं? सामाईक विहीर आठवा. सातबाऱ्यावर ज्याचं नाव, त्याचा हक्क. खिडक्या, बटणं, लेबलं बनवायचं तयार सामान म्हणजे जीटीके. त्याच्या प्रत्येक वस्तूवर अशीच मोजणी असते, किती जणांनी ती धरून ठेवलीय याची. शून्यावर आली की वस्तू मोडीत. माझं सी रोज पाणी उपसत होतं, पण त्याचं नाव चढवायचं मी विसरलो होतो. खिडकी गेली, पायथननंही हात सोडला, विहीर बुजली. सी तिथंच बादली सोडून उभं! (हे जीटीके मूळचं गिंप या चित्रांच्या प्रोग्रॅमसाठी बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं. त्यावरही बोलायचं होतं, पण चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं.)

तर मूळ मुद्दा पळत सांगतो. पायथनकडून सीकडे वस्तू नेताना पायजीऑब्जेक्ट-गेट हे तयार फंक्शन वापरा. त्यानं मिळणारा पत्ता उसना असतो, जवळ ठेवायचा तर लगेच जी-ऑब्जेक्ट-रेफ करून नाव चढवा आणि काम संपलं की अनरेफ करून नाव उतरवा. उलट दिशेनं पायजीऑब्जेक्ट-न्यू. वस्तूचं पायथनी वेष्टण, म्हणजे पायथनला ती जिच्यातून दिसते ती खोळ, आधीच असेल तर तेच मिळतं, दुसरं बनत नाही. सीतून पायथनला हात लावण्याआधी त्याचं कुलूप, जीआयएल, घ्यायचं. आणि आकडा वाचणारा धागा, म्हणजे प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी स्वतंत्र चालणारं काम (थ्रेड), वेगळा असेल, माझा होता, तर त्यानं लेबलाला हात लावायचाच नाही. आकडा जी-आयडल-ॲडनं खिडक्या सांभाळणाऱ्या मुख्य धाग्याकडे पाठवा, लिहील तोच. जी-आयडल-ॲडला जे फंक्शन द्याल, त्यानं शेवटी फॉल्स परत केलं पाहिजे, नाहीतर ते पुन्हा पुन्हा चालत राहतं. हो हो, आटपतो. काकाजी, चहा घ्या.