स्वादुपिंडाचा कर्करोग : कावीळ, भूक आणि दुखणं

[दृश्य : पर्वरी, विधानसभेचा परिसर]

30 जानेवारी 2019. नाकात नळी असतानाच मुख्यमंत्री मनोहर पर्रीकरांनी, इथल्यांच्या 'भाईं'नी, गोव्याचा अर्थसंकल्प मांडला. 17 मार्चला ते याच आजाराने गेले. तेव्हापासून इथे कुणाला स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला की भेटायला आलेला हटकून म्हणतो, 'भाईंचं काय झालं, बघितलं ना?' बघितलं. पण त्यावरून 'आता काही करण्यासारखं नाही' असं ठरवून टाकणं चूक आहे.

जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे जेमतेम वीतभर लांबीची ही ग्रंथी. पाचक रस तीच करते, इन्सुलिनही तीच. इतकी आत, की गाठ लवकर हाताला लागत नाही. पित्तनलिका दाबली गेली की डोळे पिवळे होतात, लघवी गडद, शौच फिकट, अंगाला खाज. कावीळ म्हटली की आपल्याकडे आधी झाडपाल्याचं औषध आणि पथ्याची पेज. आठवडे त्यातच जातात. पोट न दुखता चढत जाणारी कावीळ, किंवा वजन उतरत असताना उतारवयात अचानक निघालेला मधुमेह, यांची तपासणी लांबवू नये.

[दृश्य : बांबोळी, गोवा मेडिकल कॉलेजच्या बाह्यरुग्ण विभागाबाहेरची रांग]

निदान होताना पाचातल्या जेमतेम एकाची गाठ काढण्याजोगी असते. ती ग्रंथीच्या डोक्याकडे असली तर व्हिपल शस्त्रक्रिया : स्वादुपिंडाचा तो भाग, लहान आतड्याची सुरुवात, पित्ताशय काढायचं आणि उरलेलं पुन्हा जोडायचं. हे काम नेहमी होतं अशाच ठिकाणी करून घ्यावं. म्हणून बांबोळीत तपासण्या झाल्यावर काहीजण मुंबईला, परळच्या टाटा हॉस्पिटलचंही मत घेतात. आजार पसरलेला असेल तर केमोथेरपी. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच चाचणीत, जगण्याचा मध्यक, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगतात तो काळ, नुसत्या जेमसायटाबिन या औषधावर 6.8 महिने होता, तो फोल्फिरिनॉक्स या औषधसंचाने 11.1 वर गेला. पण तो सोसायला अंगात ताकद लागते. नसेल, तर जेमसायटाबिन.

केमोबद्दल सगळे विचारतात. जेवणाबद्दल फारसं कुणी विचारत नाही.

[दृश्य : फोंड्यातलं एक स्वयंपाकघर. ताटात भात, हुमण (माशांची आमटी)]

माणूस दोन घास खातो, पोट फुगतं, शौच चिकट आणि तेलकट होतं. घरचे म्हणतात, 'खाल्लेलं अंगी लागत नाही.' खरंच लागत नाही, कारण पाचक रसच आतड्यात पोचत नाही. त्यासाठी पॅन्क्रिएटिनच्या कॅप्सूल असतात. त्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या. जेवण लांबलं तर काही मध्येही. जेवण उरकल्यावर घेतल्या तर बराचसा उपयोग गेला. गिळता येत नसेल तर आतले दाणे कुस्करलेल्या केळ्यात घालून न चावता गिळावेत. वाफाळत्या पेजेत मात्र नकोत, उष्णतेने एन्झाइम निकामी होतात. ही औषधं डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. ज्यांना चालत नाही त्यांनी डॉक्टरांशी आधीच बोलावं. नारळाचा रस घातलेली आमटी या कॅप्सूलमुळे पुन्हा पचू शकते. खात्या घरात ही काय लहान गोष्ट आहे?

कावीळ उतरवायला दुर्बिणीतून पित्तनलिकेत स्टेंट, म्हणजे बारीक नळी, बसवतात. पित्त वाहू लागलं की खाज कमी होते, झोप लागते. प्लास्टिकचा स्टेंट काही महिन्यांत तुंबतो, धातूचा जास्त टिकतो. स्टेंट असताना थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट बघू नये, त्याच रात्री हॉस्पिटल गाठावं.

राहिलं दुखणं. वरच्या पोटातून थेट पाठीत जाणारं. पुढे वाकून बसलं की थोडं बरं वाटतं. मॉर्फिनचं नाव काढलं की घरात कुजबुज सुरू होते : व्यसन लागेल, म्हणजे आता संपलंच. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, घड्याळ लावून दिलेल्या गोळीबद्दल ही भीती अनाठायी आहे. बद्धकोष्ठ मात्र जवळपास ठरलेलंच, म्हणून पोट साफ होण्याचं औषध त्याच दिवशी सुरू करतात. गोळ्यांनी भागेना, तर वेदना वाहून नेणारं पोटामागचं मज्जातंतूंचं जाळं इंजेक्शनने बधिर करता येतं. ते अगदी शेवटासाठी राखून ठेवायचं नसतं. मॉर्फिनचा डोस वाढायला लागला की लगेच या इंजेक्शनबद्दल विचारावं.