दाखल नोंदवही कोणाची?

(तालुक्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि समोर बसलेले ग्रंथपाल, लिपिक, कार्यवाह मंडळी,

सकाळी चहाच्या वेळी चार-पाच जणांनी मला एकच प्रश्न विचारला: "ताई, ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर फुकटचं घ्यावं की विकतचं?" मी त्यांना दुपारपर्यंत थांबा म्हटलं. उत्तर देण्याआधी मला आमच्याकडे घडलेली गोष्ट सांगायची होती.

आमच्या ग्रंथालयात १८ हजार पुस्तकं आहेत. २००४ साली एका देणगीदारानं संगणक दिला आणि समितीनं एका कंपनीकडून सॉफ्टवेअर विकत घेतलं. चांगलं होतं ते. पुस्तकांची देवघेव, वर्गणीच्या पावत्या, थकबाकीदार सभासदांची यादी, सगळं मराठीत दिसायचं. प्रिंटरच्या वायरच्या खाचेत एक लहानसा डोंगल लावलेला असे, तो असेल तरच सॉफ्टवेअर उघडे. दहा वर्षं आम्ही दरसाल देखभालीचे पैसे भरले. मग एका वर्षी कंपनीचा फोन लागेना. चौकशी केली तर कंपनीच बंद पडलेली. पुढे जुना संगणक बसला, नवा आणला, तर त्याला प्रिंटरची ती जुनी खाचच नव्हती. डोंगल हातात, लावायचा कुठे?

फाइली मात्र जशाच्या तशा होत्या. ओळखीच्या एका मुलानं त्या उघडून दाखवल्या, तर लेखकांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. त्या काळी मराठी फॉन्ट ज्याचा त्याचा असे. कुठल्या खुणेच्या जागी 'क' बसवलाय आणि कुठे वेलांटी, ते फॉन्ट बनवणाऱ्यालाच ठाऊक. पुस्तकं आमच्या कपाटात, त्यांच्या नोंदी आमच्याच टेबलावर, आणि आम्हाला त्या वाचता येईनात.

आम्हाला तारलं ते दाखल नोंदवहीनं, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन जिच्यात लिहितात त्या वहीनं. शाईनं लिहिलेल्या, कापडी बांधणीच्या त्या वह्या आमच्या आधीच्या ग्रंथपालांनी हट्टानं चालू ठेवल्या होत्या. त्या समोर ठेवून आम्ही दिवसाला साठ नोंदी पुन्हा टंकल्या. १८ हजारांना कामाचे ३०० दिवस लागले. म्हणून मी फुकट-विकत या प्रश्नाकडे किमतीच्या बाजूनं बघत नाही. उद्या हे सॉफ्टवेअर सोडायचं झालं तर आमच्या नोंदी, वाचता येतील अशा, आमच्याबरोबर निघतील का, हे मी आधी बघते.

आता 'फुकट' या शब्दाचा थोडा उलगडा करू, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळतात. एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचं ई-ग्रंथालय हे सॉफ्टवेअर मोफत आहे, पैसे पडत नाहीत, पण त्याचा आतला कोड आपल्या हाती येत नाही. कोहा हे ग्रंथालयाचं दुसरं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि मुक्तही आहे: कोड उघडा, कोणीही वाचावा, बदलावा, वाटावा. आणि इन्फ्लिबनेटचं सोल हे सॉफ्टवेअर घ्या. ही सार्वजनिक संस्था, विद्यापीठं-महाविद्यालयांसाठी काम करते, तरी सोलला पैसे पडतात. म्हणजे सरकारी आहे म्हणून फुकट, किंवा खासगी आहे म्हणून महाग, असा सरळ हिशेब इथे लागू होत नाही.

कोहाची जन्मकथा मला फार आवडते, ती सांगते. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनच्या उत्तरेला लेव्हिन नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टकडे जुनी संगणक प्रणाली होती आणि १९९९ संपताना ती २००० साल ओळखणार नाही अशी धास्ती होती. आठवतंय ना ते वायटूके? नवीन तयार प्रणाली विकत घेणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. त्यांनी वेलिंग्टनच्या काटिपो कम्युनिकेशन्स या कंपनीला पैसे देऊन आपल्या गरजेपुरती नवी प्रणाली लिहून घेतली आणि जानेवारी २००० मध्ये ती सुरू झाली. त्यानंतर त्यांनी जे केलं त्याचं मला आजही कौतुक वाटतं. आपल्या पैशांनी करून घेतलेली वस्तू त्यांनी जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली सगळ्या जगाला खुली केली. 'कोहा' हा माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला शब्द. त्याचा अर्थ भेट, पण परतफेडीचं नातं सांभाळणारी भेट. आपल्याकडे आहेर येतो तो वहीत लिहून ठेवतात आणि त्यांच्या घरी कार्य निघालं की आपण जातो, तसंच काहीसं.

म्हणजे जगातलं हे मोफत सॉफ्टवेअरही कोणीतरी पैसे मोजूनच तयार करून घेतलं आहे. गावच्या ग्रंथालयाच्या ट्रस्टनं मोजले आहेत. हे लक्षात ठेवलं की "फुकटचं आहे, बिघडलं तर काय गेलं" हे वाक्य तोंडातून निघत नाही.

याच कोहाच्या बाबतीत २०११ मध्ये एक वाद झाला. एका अमेरिकी कंपनीनं न्यूझीलंडमध्ये 'कोहा' या नावावरच व्यापारचिन्हाचा हक्क मागितला. कोड मुक्त होता, पण नाव ही वेगळी मालमत्ता. ट्रस्टनं जगभरच्या ग्रंथालयांना हाक दिली, मदत आली, हरकत घेतली गेली आणि शेवटी तो अर्ज फेटाळला गेला. परवाना कोडचं रक्षण करतो, बाकीच्याचं रक्षण माणसांना करावं लागतं.

आता खर्चाकडे येते. कोहा उतरवून घ्यायला एक पैसा लागत नाही. पण ते विंडोजवर नाही, लिनक्स या वेगळ्या संगणक प्रणालीवर चालतं, त्याला सर्व्हर लागतो, रोजची बॅकअप प्रत लागते, आणि वीज गेल्यानंतर सगळं पुन्हा उभं करणारा माणूस लागतो. आपल्या 'क' आणि 'ड' वर्गाच्या लहान ग्रंथालयांत बहुतेक ठिकाणी ग्रंथपाल एकटाच. तोच कपाटं पुसतो, तोच पावत्या फाडतो, अनुदानाची कागदपत्रंही तोच तयार करतो. त्यानं रात्री बसून लिनक्स शिकावं अशी अपेक्षा ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. तालुक्यातल्या पाच-सात ग्रंथालयांनी मिळून एक सर्व्हर भाड्यानं घेतला आणि एका जाणकार मुलाला ठरावीक मानधन दिलं, तर कोहा परवडेल. एकेकट्यानं घेतलं तर सहा महिन्यांत बंद पडेल, असं मी अनुभवावरून सांगते.

विकतच्या सॉफ्टवेअरला मी नावं ठेवणार नाही. पैसे घेऊन वेळेवर काम करणारी प्रामाणिक माणसं मी पाहिली आहेत. फोन केला की दुसऱ्या दिवशी येतात, मार्चअखेरीचा अहवाल काढून देतात. ज्या ग्रंथालयाकडे संगणकाचं जाणतं माणूस नाही आणि शेजारची ग्रंथालयं एकत्र यायला तयार नाहीत, तिथे विकतचंच घ्यावं. पण पहिल्या वर्षाच्या किमतीवर भुलू नका. दरसालचा देखभाल करार पाच वर्षांनी गुणा, त्यावर १८ टक्के जीएसटी चढवा, आणि तो आकडा समितीपुढे ठेवा.

एक गोष्ट मात्र मोफत-विकत दोन्हीला सारखी लागू आहे: मराठी शोधता येणं. प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारं युनिकोड आलं, ज्याचे त्याचे फॉन्ट गेले, म्हणून आपण निश्चिंत झालो. पण 'ॲटलस'मधला ॲ घ्या. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत, स्वतंत्रपणे आलं. त्याआधी लोक अ लिहून त्यावर चंद्र जोडायचे. दोन्ही पडद्यावर जवळपास सारखीच दिसतात, संगणकाला मात्र वेगळी. एका लिपिकानं एका रीतीनं टंकलं आणि वाचकानं दुसऱ्या रीतीनं शोधलं, तर पुस्तक कपाटात असून "नाही" असं उत्तर जातं. 'ऱ्या'चंही तेच होतं. कोहामध्येसुद्धा देवनागरीचा शोध नीट चालावा म्हणून आयसीयू पद्धतीची, म्हणजे युनिकोड अक्षरं समजून घेणारी, शोधाची अनुक्रमणिका मुद्दाम चालू करून घ्यावी लागते. ती न करता "कोहाला मराठी येत नाही" म्हणून परत विकतच्याकडे गेलेलं ग्रंथालय मला माहीत आहे. त्यांचे दोन्ही खर्च वाया गेले.

म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर दाखवायला माणूस आला, की त्याच्या संगणकावरची सजवलेली उदाहरणं पाहू नका. आपली दहा मराठी पुस्तकं त्याच्यापुढे ठेवा. त्यात एक ॲटलस असू द्या, एक दोन लेखकांचं, एक कवितासंग्रह, एक दिवाळी अंक. त्याला नोंदी करायला सांगा आणि मग म्हणा, आता या दहाही नोंदी मार्क २१ मध्ये बाहेर काढून द्या. मार्क ही नोंदींची सामाईक मांडणी १९६०च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हरम या संगणकतज्ज्ञ बाईंनी घडवली. १०० क्रमांकात लेखक, २४५ मध्ये शीर्षक, ०२० मध्ये आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक. कुठल्याही देशातल्या ग्रंथालयाला ती कळते. बाहेर काढलेली फाइल तिथल्या तिथे दुसऱ्या संगणकावर उघडा. मराठी अक्षरं मराठीच दिसली तर पुढचं बोला. "ती सोय पुढच्या आवृत्तीत येईल" असं उत्तर आलं तर चहा पाजा आणि निरोप द्या. आणि जे ठरेल ते करारात एका ओळीत लिहून घ्या: सर्व नोंदी ग्रंथालयाच्या मालकीच्या, मागताच मार्क किंवा एक्सेलमध्ये, विनामूल्य.

आम्ही शेवटी काय केलं, असं मागच्या बाकावरून एका भाऊंनी विचारलं होतं. आम्ही कोहा घेतलं, शेजारच्या चार ग्रंथालयांबरोबर. दर शनिवारी संध्याकाळी सगळ्या नोंदींची एक प्रत पेनड्राइव्हवर निघते आणि खजिनदारांच्या घरच्या कपाटात जाते. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून बघायची, हे काम आमच्या लिपिक ताईंकडे आहे. आणि दाखल नोंदवही अजून शाईनंच लिहिली जाते. परवा त्यात १८,६४२ वा क्रमांक पडला.