एक नाव कमी

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या सदाशिव पेठेतल्या घरात, कपाटाच्या खालच्या कप्प्यात दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आहे. सात खंड, शिवाय पुरवणी. पुण्यातूनच १९३२पासून निघालेला. एक खंड उचलला तरी मनगट भरून येतं. एक शब्द शोधायला बसावं, तर शेजारचे पाच-सहा वाचल्याशिवाय उठवत नाही.

जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ या कादंबरीतही एक कोशकार आहे. सायम त्याचं नाव. पण याचं काम उलटं. हा शब्द गोळा करत नाही, मारतो.

कादंबरी म्हटलं की लोकांना सगळीकडून रोखून बघणारा ‘मोठा भाऊ’ आठवतो, शेवटचा छळ आठवतो. मला मात्र जास्त धसका बसतो तो कॅन्टीनमधल्या एका साध्या प्रसंगाचा. तळघरातलं कॅन्टीन. ताटलीत गुलाबी-करडा रस्सा, पावाचा तुकडा, चीजची वडी, बिनदुधाची कॉफी आणि सॅकरिनची एक गोळी. तिथे सायम नायक विन्स्टनला मोठ्या हौसेनं आपलं काम सांगतो. राजवटीनं घडवलेल्या नव्या भाषेच्या कोशाची अकरावी आवृत्ती चालू आहे. ‘वाईट’ हा शब्द हवाच कशाला? ‘अचांगलं’ म्हणा की! उत्तम, अप्रतिम, झकास हेही नकोत. ‘जास्तचांगलं’, अगदीच वाटलं तर ‘दुप्पटजास्तचांगलं’. बंडाचा विचार मांडायला शब्दच उरला नाही, म्हणजे बंडही नाही. पोलिसांचा खर्च वाचला!

आता ‘चांगलं’ आणि ‘अचांगलं’ एवढ्यावर पुणेकराचा एक दिवस तरी निघेल का? खवचट, कुजकट, तिरकस, खोचक... या चारांतला फरक ज्याला कळत नाही, त्यानं पेठेत भाड्यानं जागा घेऊ नये.

गंमत बाजूला ठेवू. ऑर्वेलला हे सुचलं कुठून? बिहारमधल्या मोतिहारीत १९०३ साली जन्मलेला हा लेखक १९४१ ते १९४३ बीबीसीत होता. भारतातल्या श्रोत्यांसाठी भाषणं लिहायचा, करवून घ्यायचा. युद्धाचा काळ, प्रत्येक संहिता सेन्सॉरच्या हाताखालून जायची. लिहिलेल्या वाक्यातला एखादा शब्द गळला की काय होतं, हे त्याला माईकसमोर बसूनच कळलं असावं, असा आपला माझा तर्क.

सायमचं पुढे काय झालं? तो फार हुशार, फार स्पष्ट बोलणारा. तिथल्या सत्ताधारी पक्षाला असली माणसं चालत नाहीत. एके दिवशी तो कामावर येत नाही. विन्स्टन फलकावरची बुद्धिबळ समितीची यादी बघतो. यादी होती तशीच आहे, कुठे खाडाखोड नाही. फक्त एक नाव कमी आहे. ऑर्वेल त्यावर टाहो फोडत नाही, पुढे जातो.

पुस्तकाच्या शेवटी या नव्या भाषेवर एक परिशिष्ट आहे. अमेरिकेतल्या एका बुक क्लबला ते गाळून हवं होतं. ऑर्वेल क्षयानं खंगला होता, पैसे बरेच मिळणार होते, तरी तो नाही म्हणाला. परिशिष्ट वाचताना क्रियापदांकडे लक्ष ठेवा. ती भाषा अशी ‘होती’, तिचे नियम असे ‘होते’. सगळा भूतकाळ. आणि लिहिलंय जुन्या, भरल्या इंग्रजीत, एकही शब्द न कापता.

नमस्कार.