जोडीच्या तारा

[अंधार. खुंटी पिळल्याची करकर. एक तार वाजते, मग तीच तार किंचित वर.]

पहाटेचे साडेपाच वाजलेत. कसबा पेठेतल्या या तिसऱ्या मजल्यावर आजी सोडून कुणीही जागं नाही.

मी तिची मुलगी. एरवी मी तिला आईच म्हणते. पण सुट्टी लागली की या घरात दिवसभर एकच हाक ऐकू येते, म्हणून या निवेदनात मीसुद्धा तिला आजीच म्हणणार आहे. तिचं वय ७४. गेली पंचेचाळीस वर्षं ती गाणं शिकवते. शिकायला येणारी मुलं तिला ‘बाई’ म्हणतात, घरातली ‘आजी’. दोन्ही प्रकारची मुलं एका सतरंजीवर बसली की कोण काय म्हणतंय याचा हिशेब राहत नाही.

[जवळून : तंबोऱ्याची घोडी, तारा जिच्यावर टेकतात ती. तारेखाली सुती दोरा. एक सुरकुतलेलं बोट तो दोरा केसभर पुढे सरकवतं.]

तंबोऱ्याला तारा चार. पहिली पंचमाची म्हणजे ‘प’ची, मधल्या दोन जोडीच्या, शेवटचा खर्ज म्हणजे खालचा ‘सा’. मधलं बोट पंचमावर, उरलेल्या तिन्ही पहिल्या बोटाने. ऐकायला सोपं वाटतं. पण उन्हाळ्यात लाकूड सुकतं, खुंट्या सैल होतात, आणि पिळून ठेवलेली खुंटी हात काढताच मागे फिरते. मग आजी ती खुंटी बाहेर ओढते, तिला खडू चोळते, पुन्हा बसवते. शाळेत फळ्यावर लिहायचा पांढरा खडू. तो तिच्या बाजाच्या पेटीवरच्या डबीत कायम असतो.

खडूने खुंटी थांबते. त्यानंतर दोरा. घोडी आणि तार यांच्यामध्ये तो नेमक्या जागी आला की तारेचा बोथट आवाज एकदम उघडतो आणि पाकळ्या फुटाव्यात तसा पसरत जातो. याला जवारी म्हणतात. लहानपणी मला वाटायचं, जवारी म्हणजे ज्वारी, आणि आजी तंबोऱ्याला भाकरी खाऊ घालते. माझ्या भावाने हे अजून लक्षात ठेवलंय.

सगळ्यात जास्त वेळ जोडीला लागतो. दोन तारा, दोन्हींचा षड्ज, म्हणजे ‘सा’, एकच. पण त्यांत जरा जरी फरक असला तर आवाजात लाट येते, वाँव वाँव अशी. फरक कमी होतो तशी लाट लांबते. शेवटी लाट विरते आणि दोन तारा आहेत हे कळेनासं होतं. आजी त्यासाठी डोळे मिटत नाही. खिडकीबाहेर बघत बसते, दूधवाल्याची वाट बघावी तशी.

[खिडकीबाहेर औदुंबर. पक्ष्याचा आवाज : टुक… टुक… टुक…]

हा तांबट. चिमणीहून थोडा मोठा, हिरवा, कपाळावर लाल ठिपका, गळा पिवळा. वड, पिंपळ, उंबर यांची फळं खातो, म्हणून पुण्याच्या जुन्या वस्तीत अजून टिकून आहे. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा ओरडतो, म्हणून त्याचं नाव तांबट. आणि या घरापासून चालत पाच मिनिटांवर तांबट आळी आहे. तिथे तांब्या-पितळेच्या भांड्यांवर मठारकाम, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांचं काम, करणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. आजीचं बालपण त्या हातोड्यांच्या आवाजात गेलं. ती म्हणते, लय मला कुणी शिकवली नाही, ती आळीतून घरात यायची.

आता आळीतला आवाज पूर्वीइतका नाही. पक्षी मात्र उन्हाळाभर ओरडतो. माझ्या भावाचा मुलगा सात वर्षांचा आहे, त्याला आजीने त्रिताल या पक्ष्यावर शिकवला. सोळा मात्रा, चार-चारचे चार विभाग, नवव्या मात्रेला ‘खाली’, म्हणजे तिथे टाळी नाही. पक्ष्याच्या एका टुकला एक मात्रा. “धा धिं धिं धा, धा धिं धिं धा…” पोरगं खिडकीत उभं राहून हाताने टाळ्या देतं, नवव्या मात्रेला हात उलटा करतं. पक्षी मध्येच गप्प झाला की त्याने मात्रा मनात मोजत राहायचं, आणि पक्षी पुन्हा सुरू झाला की बघायचं, आपण जुळलो का. बहुतेक वेळा जुळत नाही. तेव्हा तो पक्ष्याला चूक ठरवतो.

[सकाळ. दारासमोर गेरूने सारवलेल्या दोन फरश्या.]

आम्ही मुंबईहून अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी आलो. चैत्र शुद्ध तृतीयेला बसलेल्या गौरीचा पाहुणचार अक्षय्य तृतीयेला संपतो. महिनाभरात कधीतरी हळदीकुंकू व्हायचं, आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी. आजीचं हळदीकुंकू नेहमी शेवटच्या दिवशी, कारण तोपर्यंत आम्ही आलेलो असतो.

आणि चैत्रांगण. ही रांगोळी ठिपक्यांची नाही, छापाची नाही. मध्यभागी गौर झुल्यावर, वर सूर्य-चंद्र, मग शंख, चक्र, गदा, पद्म, तुळशीवृंदावन, गोपद्म, कासव, नाग, हत्ती, फणी-करंडा, आरसा. एकेक गोष्ट आठवून आठवून काढायची. घराघरांत चिन्हांची संख्या वेगळी, आजीच्या घरातली एक्कावन्न.

माझी मुलगी अकरा वर्षांची. तिने या वर्षी पहिल्यांदा हातात चिमूट घेतली. पहिलं कासव काढायला तिला वीस मिनिटं लागली. रेघ जाड, मग बारीक, मग तुटक, मग एका जागी ढीग. आजी शेजारी स्टुलावर बसून होती, गुडघ्यांमुळे तिला आता खाली बसवत नाही.

“हात कुठे थांबला बघ.”

“थांबला नाही गं आजी.”

“थांबला. तिथे ढीग झालाय. सूर लावताना श्वास अडकला की असाच ढीग होतो.”

[जवळून : अंगठा आणि तर्जनी. पांढरी पूड सुटते. रेघ पुढे जात राहते.]

हा हात आजीचा. त्याच दिवशी, सून आणि मी दोन्ही बाजूंनी धरून तिला पाटावर बसवलं होतं. नाग तिनेच काढला. सात वेटोळी, एका दमात. कॅमेरा माझ्या हातात होता आणि मी श्वास रोखून धरला होता हे मला आवाज तपासताना कळलं. तिचा श्वास मात्र रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट ऐकू येतो. संथ. खर्जाचा रियाज करताना येतो तसाच.

भाच्याने विचारलं, यात तांबट का नाही? आजीने क्षणभर विचार केला. “मोराच्या खाली जागा आहे. काढ.” तेव्हापासून आमची चिन्हं बावन्न.

[दुपार. पडदे ओढलेले. पंख्याचा आवाज.]

मे महिन्यात पुण्यात दुपारी रस्ते ओस पडतात. पारा चाळिशीला टेकलेला असतो. अशा वेळी बहुतेक घरांत आमरसानंतरची झोप असते. या घरात दीड वाजता चार-पाच मुली येतात, ओढणीने तोंडं गुंडाळून, सायकल आणि स्कूटीवरून. त्यांच्या परीक्षा जवळ आल्यात. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा, कुणाची प्रवेशिका, कुणाची मध्यमा. आल्या की आधी माठातलं पाणी आणि गुळाचा खडा, मग बसायचं.

दुपारी सारंगच. वृंदावनी सारंग. गंधार नाही, धैवत नाही, म्हणजे ‘ग’ आणि ‘ध’ वगळलेले. चढताना शुद्ध निषाद, उतरताना कोमल. पाचच स्वर उरतात आणि रिषभावर, म्हणजे ‘रे’वर, येऊन विसावायचं. रखरखीत दुपारी हा राग का बरा वाटतो, याची कारणं पुस्तकांत असतील. मला एवढंच सांगता येईल, की त्या खोलीत पंखा असूनही गरम होतं आणि रिषभ नीट लागला की काही क्षण गरम होत नाही.

आजीच्या शिकवण्यात एक गोष्ट आहे, ती मला लहानपणी छळ वाटायची. ती लगेच दुरुस्त करत नाही. मुलगी सुरापासून सरकली, की ती काही बोलत नाही, तंबोरा मात्र जरा मोठ्याने छेडते. एकदा, दोनदा, पाचदा. मुलीला स्वतःला ऐकू येईपर्यंत. एखादीला एका तासात येतं, एखादीला सहा महिने. पालक कंटाळतात, काही मुली सोडून जातात. आजीने पद्धत बदलली नाही. मी जाहिरातीसारखं कौतुक करत नाहीये. या पद्धतीत मी हरलेली मुलगी आहे. पंधराव्या वर्षी मी गाणं सोडलं, कारण माझा सूर चुकतोय हे मला प्रत्येक वेळी ऐकू यायचं आणि गळ्याला ते दुरुस्त करता येत नव्हतं. आजीला त्याचं वाईट वाटलं. तिने बोलून दाखवलं नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटे तंबोरा तसाच जुळवला आणि माझ्या खोलीचं दार उघडं ठेवलं.

[एक जुनी पितळी सुरांची पट्टी. हिरवट पडलेली. आजीच्या तळहातावर.]

हे बाजाच्या पेटीतलं पान आहे, हवेने थरथरून सूर देणारं. तिच्या आईच्या पेटीतलं.

१२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. आजी तेव्हा दहा वर्षांची. नदीजवळच्या वाड्यात तळमजल्यावर दोन खोल्या. अंगावरच्या कपड्यांनिशी सगळे उंचावरच्या नातेवाइकांकडे गेले. पाणी ओसरल्यावर परत आले तेव्हा घरात गुडघाभर गाळ होता आणि गाळात पेटी उपडी पडली होती. भाता फुगून सुटलेला. पट्ट्या वाकलेल्या. तिच्या आईने पेटी उघडली, आतली पितळी पानं एकेक काढून बादलीत धुतली आणि अंगणात वर्तमानपत्रावर वाळत घातली. आजी सांगते, “पापड वाळत घालावेत तशी. आई मग तिथेच बसून राहिली. रडली नाही. पानं पालथी करत होती.”

पेटी काही परत वाजली नाही. एवढं एक पान राहिलं.

तीन वर्षांनी आजीचे वडील तंबोरा आणायला मिरजेला गेले. तेव्हा पुणे-मिरज गाडी मीटरगेजवर धावायची. मिरजेत शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतले लोक एकोणिसाव्या शतकात वाद्यं बनवू लागले आणि आजही तिथे तंबोरे घडतात. त्यांचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, कडू, वाळवलेला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आजीने ते वर्तमानपत्राचं कात्रण तंबोऱ्याच्या गवसणीत ठेवलं. वडील परतीच्या प्रवासात रात्रभर तंबोरा मांडीवर घेऊन बसले होते, गोधडीत गुंडाळून. डब्यातल्या एका बाईंनी विचारलं म्हणे, लेकरू आजारी आहे का?

तोच हा तंबोरा. साठ वर्षं झाली. मोबाइलमधला तंबोरा आजी वापरते, प्रवासात, किंवा मुलींना घरी रियाजाला. त्याबद्दल तिची तक्रार नाही. पण घरात हाच. “तो उतरतो ना,” ती म्हणते, “म्हणून ऐकावं लागतं.”

[संध्याकाळ. गच्ची. वाळलेल्या कुरडया गोळा करणारे चार हात. लांबून गुलमोहर.]

संध्याकाळचं फार सांगण्यासारखं काही नाही. कुरडया उतरवायच्या. अढीतले आंबे चाचपायचे, पिकलेले वर काढायचे. माझी मुलगी वहीत बंदिश उतरवून घेते. भातखंडे पद्धतीत स्वराच्या खाली टिंब दिलं की मंद्र, वर दिलं की तार सप्तक. घाईत तिची टिंबं इकडेतिकडे होतात आणि सबंध ओळ एक मजला वर जाते. आजी चष्मा लावून वाचते, तशीच्या तशी गाऊन दाखवते, तारसप्तकात, थरथरत्या आवाजात, पूर्ण. पूर्वी तिची पट्टी, म्हणजे गायचा ‘सा’, काळी पाच होती, आता खाली उतरून काळी चारवर आली आहे. तरी ती गाते. मुलीला चूक कळते आणि ती खोडरबर शोधायला पळते.

[पहाट. पुन्हा अंधार. पुन्हा खुंटीची करकर.]

आमचा परत जायचा दिवस. बॅगा दाराशी. पहाटे आवाज ऐकून मी उठले, कॅमेरा घेऊन बाहेर आले, आणि तंबोऱ्यापाशी आजी नव्हती.

माझी मुलगी होती. तंबोरा तिच्यापेक्षा उंच. खडू घेतला होता, नाकालाही लागला होता. आजी स्वयंपाकघरात होती, आमच्या डब्यासाठी दशम्या करत. लाटण्याचा आवाज येत होता.

पंचम लागला. पहिली जोड लागली. दुसरी तिने वर आणली, सोडली, छेडली. लाट होती. बारीक, लांब, पण होती. मला ऐकू आली. तोंड उघडून सांगावं असं वाटलं आणि मी कॅमेरा घट्ट धरला.

स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं होतं.

ती पुन्हा छेडत राहिली. एकदा. दोनदा. मान खिडकीकडे. मग तिचा हात खाली गेला, घोडीपलीकडच्या, सूर बारीक जुळवायच्या मण्यावर, आणि तिने तो तसूभर खाली ओढला.

[जोडीच्या दोन तारा. लाट लांबते, लांबते, विरते.]

आतून लाटण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.