संगीन नावाचं गाव

नमस्कार श्रोतेहो. संगीन म्हटलं की आपल्याला आठवतं ते बंदुकीच्या टोकाला लावलेलं पातं. पण या शब्दाच्या पोटात फारसी 'संग' आहे, म्हणजे दगड. संगमरवरातला तोच. आज बोलायचंय ते अफगाणिस्तानातल्या संगीन गावाबद्दल. हेलमंद नदीच्या काठचं हे बाजाराचं गाव. नाव दगडाचं, पण सगळीकडे मातीच्या भिंती, पाण्याचे पाट आणि २०२२ पर्यंत हंगामात अफूची शेतं.

२००६ च्या जूनमध्ये ब्रिटिश पॅराट्रूपर तिथं आले. सरकारी कचेरी राखली, पण भोवती तालिबानचा वेढा पडला. एप्रिल २००७ मध्ये मोठी मोहीम काढून तो उठवला. त्यानंतर मात्र जमीनच वैरी झाली.

गस्तीची तुकडी एका रांगेत चालायची. पुढचा जवान धातुशोधक यंत्र डावीउजवीकडे फिरवत जाणार आणि बाकीच्यांनी त्याच्या पावलावर पाऊल ठेवायचं. आपण हा वाक्प्रचार कौतुकानं वापरतो. इथं एक पाऊल चुकलं तर पाय गेला. मातीखाली पुरलेला असायचा खायच्या तेलाचा पिवळा कॅन, आत खतापासून केलेली स्फोटकं. धातू नावापुरता, म्हणून यंत्रही कधी कधी गप्पच. अफगाणिस्तानात साडेचारशेच्या वर ब्रिटिश सैनिकांचा जीव गेला, त्यातले शंभराहून अधिक एकट्या संगीनमध्ये. सप्टेंबर २०१० मध्ये गाव अमेरिकन मरीनकडे आलं आणि त्यांच्या एका बटालियननं सात महिन्यांत २५ जण गमावले.

याला नुसती सरकार विरुद्ध तालिबान अशी लढाई म्हणणं मला पटत नाही. सत्तेच्या जागा अलिकोझाई जमातीकडे होत्या. इशाकझाई ही दुसरी जमात नाडली गेली, आणि तिच्यातले अनेक तालिबानकडे वळले. त्यात अफूचा पैसा. शिवाय परक्या फौजेबद्दलचा जुना राग: शेजारच्या कंदाहार प्रांतातल्या मैवंदला १८८० मध्ये अफगाणांनी इंग्रजांच्या फौजेचा धुव्वा उडवला होता. त्या फौजेत मुंबई लष्कराच्या पलटणी होत्या, हे आपल्याकडे फारसं कुणाच्या लक्षात नाही. संगीन ज्यात येतं त्या हेलमंद प्रांतातल्या अनेकांना मात्र वाटत होतं, इंग्रज मैवंदचा सूड उगवायला परत आलेत.

संगीनमधून ६११ क्रमांकाचा रस्ता वर कजाकी धरणाकडे जातो. २००८ मध्ये या धरणासाठी एक टर्बाइन न्यायचं होतं. रस्ता इतका धोक्याचा, की शंभरेक गाड्यांचा ताफा आडवाटेनं वाळवंटातून नेला. टर्बाइन पोचलं, पण ते बसवायला लागणारं सिमेंट आणायची पुन्हा सोय होईना. सुटे भाग धरणाशेजारी वर्षानुवर्षं पडून राहिले. अखेर २०१६ मध्ये ते टर्बाइन बसलं. मार्च २०१७ मध्ये संगीन तालिबानच्या हाती गेलं.